तांदळातलं नाव

मी लातूरला वकिली करते आणि माझं काम ट्रेडमार्कचं आहे. म्हणजे लोक आधी धंदा काढतात, नाव गाजवतात, मग ते नाव कुणीतरी पळवतं, आणि मग ते माझ्याकडे रडत येतात. आधी कुणी येत नाही. घराला कुलूप लावा हे कुणाला सांगावं लागत नाही, पण नावाला कुलूप लावा म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जशी मी गणपतीची वर्गणी मागायला आलेय. या धंद्याने तुझा स्वभाव तिरसट झाला, असं माझा नवरा म्हणतो. माझा स्वभाव आधीपासूनच तसा होता.

माझ्या ऑफिसच्या खालच्या गाळ्यात श्रीशैलअण्णा आणि त्यांची बायको येसर विकायचे. धान्य, डाळी आणि मसाले खरपूस भाजून केलेलं हे पीठ. ते लावल्याशिवाय आमच्याकडच्या लग्नातल्या आमटीला आमटी म्हणत नाहीत. सकाळी वहिनींची कढई तापली की वरच्या मजल्यावरचे माझे पक्षकारसुद्धा भांडण विसरून वास घेत बसायचे. पाकिटावर नाव होतं ‘मंजुश्री येसर’ आणि खाली वहिनींचा फोटो: कपाळावर विभूती, त्याखाली कुंकू, डोक्यावर पदर, आणि फोटोवाल्याने हसा म्हटल्यावर येतं ते अर्धं हसू.

मी अण्णांना दर दिवाळीला सांगायचे, नाव नोंदवून घ्या. ते भिंतीकडे बोट दाखवायचे. तिथे दुकानाचा परवाना, फूड लायसन आणि उद्यमचं प्रमाणपत्र, तिन्ही फ्रेममध्ये, वर हार.

“अण्णा, तो परवाना म्हणजे दुकान उघडायची मुभा. लायसन म्हणजे तुमचं येसर खाऊन कुणी आजारी पडू नये याची काळजी. या नावाचा मालक कोण, हे यातलं एकही सांगत नाही.”

“नावाचा मालक मीच की, बाई. बायकोचं नाव हाय ते, अन् ठेवलं कुणी? म्या. भर लग्नात, ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं लिहिलं. सारा गाव बघत हुता. आता आजून कुठं लिहायचं?”

वहिनी कढईवरून मान वर न करता म्हणायच्या, “माहेरी मी रत्नम्मा. देगलूरची. हे मंजुश्री ह्यांचंच काम हाय.” आणि दोघं हसायचे. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसांचं असतं तसं ते आळशी, पोटभर हसू होतं. त्या हसण्यापुढे माझा कायदा काय टिकणार?

एके दिवशी गंजगोलाईच्या बाजारात माल उतरवताना अण्णा खाली बसले ते उठलेच नाहीत.

मग त्यांचा धाकटा भाऊ वीरेश सावरायला आला. दुःखात माणूस दाखवाल तिथे सही करतो, आणि वीरेश दुःखाच्या घरी खिशाला पेन लावूनच जायचा. आधी गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे गेली, मग गाळा, मग गिरणी. वहिनींचा मुलगा रुद्रेश तेव्हा नुकताच इंजिनिअर होऊन घरी बसला होता. काकाने त्याला नव्या फर्ममध्ये भागीदार केलं आणि फिरणारी खुर्ची दिली. त्या खुर्चीने पोराची मान कायमची काकाकडे फिरवली. वहिनींना काका-पुतणे म्हणाले, तुमची तब्येत खालावली, जरा महिनाभर देगलूरला भावाकडे जाऊन या. तो महिना अजून संपलेला नाही.

देगलूरला भावाच्या पडवीत बसून रडत राहील अशी ती बाई नव्हती. तिने कढई मागवली. तेच येसर, तेच नाव, तोच फोटो. देगलूर पडलं हद्दीवरचं गाव. तिकडच्या तेलंगणातले व्यापारी बाजाराला येताना न्यायला लागले, बिलोलीचे आचारी लग्नासाठी आधी सांगून ठेवायला लागले. लातूरला मात्र गिऱ्हाईक पुडी फोडून नाक मुरडत होतं, कारण वीरेशने भाजायला मशीन आणलं होतं आणि मशीनला नाक नसतं.

तेव्हा वीरेशला माझं म्हणणं पटलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते मेले, आणि ज्याने ऐकू नये त्याने ऐकलं. त्याने ‘मंजुश्री’ नावासाठी आणि वहिनींच्या फोटोसाठी फर्मच्या नावाने ट्रेडमार्कचा अर्ज टाकला. तपासणीत ट्रेडमार्क ऑफिसने हरकत काढली: हे कुण्या बाईचं नाव आणि चेहरा दिसतो, बाई हयात असेल तर तिची लेखी संमती आणा.

मला ते कळलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच मोठ्याने हसले. जिला घरातून काढलं तिच्याच सहीवाचून गाडं अडलं होतं. मी वहिनींना फोन करून म्हटलं, “आता सही करायची नाही. ही एक गोष्ट तुमच्या हातात आहे. आणि लगेच आपला स्वतःचा अर्ज टाकू, पहिल्यापासून नाव तुम्ही वापरताय.”

“पोरगं येऊन राहिलंय उद्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बी या.”

मी गेले. रुद्रेश गाडीतून उतरला तो हातात पेढ्याचा पुडा घेऊन. आईच्या पाया पडला, मामाच्या पडला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. वहिनींनी त्याला जेवायला वाढलं. ते पोरगं भुकेलं होतं. लातूरला त्याला कुणी असं वाढत नसावं. दुसरी भाकरी संपल्यावर त्याने विषय काढला.

“अव्वा, एक सही पाहिजे. काका म्हणतेत, सही केलीस की लग्नात तू स्टेजवर. बिलोलीची पोरगी पक्की झालीय, नांदेडला लगीन हाय.”

“आन् न्हाई केली तर?”

“मग काका बघून घेतील काय ते.”

“तू काय म्हणतोस?”

रुद्रेशने ताटातली आमटी बोटाने चाटली. “मी काय म्हणणार. धंदा काका बघतेत.”

वहिनींनी त्याला आणखी एक भाकरी वाढली, भातावर तूप वाढलं, हात धुवायला पाणी दिलं, आणि म्हणाल्या, “तुझ्या बापानं मला एकच वस्तू दिली जी कुणी उतरवून घेतली न्हाई. डोरलं उतरवलं, बांगड्या उतरवल्या. हे नाव राहिलंय. ते मी देणार न्हाई. लग्नाला बोलवायचं तर असंच बोलव.”

तो गेला. जाताना पाया पडला नाही. मी तिथल्या तिथे बॅगेतून आमच्या अर्जाचे कागद काढले, तर वहिनी म्हणाल्या, लग्न होऊ द्या, पोराच्या लग्नात कोर्टकचेरीचा विषय नको. मी चिडले. म्हटलं, वहिनी, मुहूर्त बघून कुणी चोरी करत नाही. पण त्यांनी ऐकलं नाही. नवऱ्याचा हट्ट बायकोला वारशात मिळाला होता, आणि वीरेशला तेवढाच एक वारसा काढून घेता आला नव्हता.

पंधरवड्यात वीरेश स्वतः देगलूरला गेला. पत्रिका, नारळ, हिरवट काठाची भारी साडी. वहिनींच्या भावासमोर हात जोडून म्हणाला, “वहिनी, झालं गेलं सोडा. पोराची आई स्टेजवर पाहिजे. आपल्या धर्मात विधवा-सधवा असलं काई न्हाई, लोकांनी उगं केलंय.” हाच माणूस अण्णांच्या चौदाव्याला याच वहिनींना पूजेच्या खोलीतून उठवून मागच्या दारी बसवणारा. सहीचा शब्दही काढला नाही. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. साडी मांडीवर घेऊनच बोलत होत्या म्हणे.

“हरला बघा, बाई,” त्या म्हणाल्या.

मला ते गोड बोलणं पचलं नाही. पण आईच्या आनंदात बिब्बा घालायचा धीर झाला नाही, म्हणून मी म्हटलं, मीही येते लग्नाला. माझं माहेर उमरीचं, नांदेड मला परकं नाही.

कार्यालय भपकेबाज होतं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना सिनेमासारखे पडदे लावले होते, म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसालाही नवरदेवाच्या नाकावरचा घाम दिसावा. वहिनी ती साडी नेसून स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. आल्या-गेल्याला नमस्कार करत होत्या. एक म्हातारी त्यांच्याजवळ जाऊन कानशिलावर बोटं मोडून आली. मी इतक्या दिवसांत त्यांना एवढं सुखी पाहिलं नव्हतं, आणि स्वतःच्या संशयाची मला लाज वाटायला लागली होती.

अक्षता पडल्या. मग नाव ठेवायचा विधी आला. नवरीचं नाव कल्याणी. छान नाव, बदलायचं कारण नव्हतं. पण आमच्याकडे सून आली की नाव बदलायची हौस अजून गेलेली नाही. वर्तमानपत्रात लेख येतात, लोक वाचतात, आणि ताटात तांदूळ पसरतात. त्यातही या घराण्याची रीत अशी, की नवरा नाव लिहितो, आणि त्या नावाने पहिली हाक सासूने मारायची. साखर तोंडात घालून तीनदा हाक मारायची, सुनेने तीनदा ओ द्यायची. मग ते नाव पक्कं.

कॅमेरावाला ताटावर वाकला. पडद्यावर तांदूळ दिसले, अंगठी धरलेलं रुद्रेशचं बोट दिसलं. त्याने ‘म’ काढला. म वरून नावं काय थोडी आहेत, मी मनाशी म्हटलं. माधवी, मीनाक्षी, मृणाल. त्याने वर टिंब दिलं. बोट थोडं थांबलं, आणि मग थांबायचं राहून गेल्यासारखं झरझर पुढे गेलं. दोन्ही पडद्यांवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, ‘मंजुश्री’.

हॉलमध्ये आधी कुणाला कळलं नाही, मग सगळ्यांना एकदम कळलं. आमच्याकडे सुनेचं नाव सासूच्या नावासारखं निघालं तर सुनेचं बदलतात, लगोलग, एका घरात एका नावाच्या दोघी नकोत म्हणून. सासूचं नाव सुनेला मुद्दाम ठेवायचं तर त्याला सासू मेलेली असावी लागते. माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला हळूच म्हणाली, “अगं, ती बसलीय की तिथं जिती.” पहिल्या खुर्चीत.

वीरेशने माइक घेतला. “अण्णांच्या आठवणीत, अण्णांनी ठेवलेलं नाव आम्ही पुढं चालवून राहिलो,” तो म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले. “वहिनी, या. पहिली हाक तुमची.”

तेव्हा मला सगळा डाव दिसला. ऑफिसने हयात बाईची संमती मागितली होती. त्यांनी हयात बाई तयार केली. तिचं नाव मंजुश्री, ती फर्मच्या भागीदाराची बायको, आधार कार्ड बदललं की दाखवायला पुरावा, आणि सही मागाल तितक्या वेळा करणारी. फक्त जुनीने उद्या उठून बोंब मारू नये, म्हणून जुनीच्याच तोंडून, भरल्या मांडवात, कॅमेऱ्यासमोर ते नाव नवीला द्यायचं होतं. साडी त्यासाठी होती. पहिली खुर्ची त्यासाठी होती.

मी जागेवरून उठून मान हलवत होते, नका, नका म्हणून. वहिनींनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या रुद्रेशकडे बघत होत्या. इतकं बघूनही त्याने ताटातून नजर उचलली नाही. तिथे एक शब्द होता आणि तो त्याला पाठ होता, तरी तो वाचत बसला.

वहिनी उठल्या. चिमटीत साखर घेतली. त्या पोरीच्या, कल्याणीच्या तोंडात घातली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

“मंजुश्री,” त्यांनी हाक मारली.

पोरगी साखर चघळत राहिली. तिला कळलंच नाही की आपल्याला बोलावलं. मागून कुणीतरी तिला कोपर मारलं.

“हाव,” ती म्हणाली.

पुढच्या दोन हाकांना तिने बरोबर ओ दिली. पोरगी हुशार होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण माइकवाल्याने वाजवा म्हटलं.

जेवणाच्या रांगेत वीरेश माझ्याजवळ आला. स्वतःच्या हाताने माझ्या वाटीत आमटी वाढली.

“वकीलबाई, जित्या माणसाची सही पाहिजे हुती न्हवं सरकारला? उद्यापासून मिळंल. नवा फोटो, नवा अर्ज. जुन्या फोटोत तसं बी वय दिसत हुतं.” मग म्हणाला, “खावा, आपलंच येसर हाय.”

मी वाटी तशीच ठेवून दिली. त्याला शोभेल असं एक उत्तर मला परतीच्या वाटेवर नरसीजवळ सुचलं, म्हणजे उशिरा. कारण वहिनींना देगलूरला सोडायला मीच निघाले होते. मुलाच्या गाड्या नवरीकडच्या पाहुण्यांना लागत होत्या.

गाडीत मी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले. “का मारली हाक? नाही म्हणायचं होतं. उठून जायचं होतं. त्या ताटातले तांदूळ विस्कटायचे होते. आता मी ऑफिसला काय सांगू? तुम्हीच दिलंत नाव, तुमच्या तोंडाने, हसून.”

त्या बाहेर बघत होत्या. तशाच बोलल्या, आणि आवाज साधा होता, भाजी काय करायची विचारतात तसा.

“त्यानं लिहिलं, बाई. माझ्या पोरानं. काकानं हात धरला नव्हता त्याचा, मी बघत हुते. लिहिलं ना? मग घे म्हटलं. आता बायकोला हाक मारायची तर आईचं नाव घ्यावं लागंल. सकाळी, संध्याकाळी. भांडताना. दिवा मालवल्यावर. जलमभर घ्यावं लागंल. घेऊ दे.”

मी गाडी बाजूला घेतली. मी खूप कज्जे पाहिलेत. भावाने भावाचं नाव पळवलेलं पाहिलंय, मुलाने बापाला दुकानाच्या पायरीवरून ढकललेलं पाहिलंय. पण एवढ्या थंडपणे कुणी कुणाला काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला त्या बाईची भीती वाटली, हे खरं आहे.

त्यानंतर त्या न बोलावता लातूरला आल्या. नवं नाव घेऊन आल्या होत्या: रत्नम्मा. फोटो नको म्हणाल्या. मी अर्ज टाकला, संमतीवर त्यांनीच सही केली. मी म्हटलं, तिकडचा नवा अर्ज ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून येईल तेव्हा विरोधाला चार महिने असतात. आपल्याकडे जुनी पाकिटं आहेत, आचारी साक्ष देतील, व्हिडिओ असला तरी मी लढेन. त्या म्हणाल्या, “ते नाव आता सुनेचं हाय. सुनेच्या आड मी येणार न्हाई.” आणि खाली जाऊन आपल्या जुन्या गाळ्याकडे न बघता रिक्षात बसल्या.

वीरेशचा अर्ज छापून आला. पाकिटावर कल्याणीचा फोटो, डोक्यावर पदर, अर्धं हसू. आणि मुदत सरत आली असताना एका दुपारी रुद्रेश माझ्या ऑफिसचा जिना चढून आला. वाळला होता. खुर्चीच्या कडेवर बसला.

“मॅडम, अव्वाला सांगा, विरोध करायला.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कुणाच्या अर्जाला?”

“आमच्याच. तिनं विरोध केला तर तुम्ही जिंकाल. मी साक्ष देतो तिच्या बाजूनं, पायजेल तर.” मग त्याने पाणी मागितलं. “मला बायकोला हाक मारता येत न्हाई, मॅडम. तोंडातून नाव निघालं की अव्वा दिसती. मी नुसतं अगं, अगं करून राहिलो. तिला वाटतंय मला ती आवडत न्हाई. परवा रडत हुती, म्हणाली, एकदा तरी नावानं बोलवा. मी बोलवलं. मग मला तिच्याजवळ बसवंना.”

“मग बायकोचं नाव पुन्हा कल्याणी करून घे. राजपत्रात देता येतं.”

“काका करू देत न्हाईत. संमती तिची हाय ना. नाव बदललं की काका म्हणतेत सगळं बोंबललं. भागीदारीतून काढीन म्हणतेत.” त्याने माझ्याकडे आशेने पाहिलं. “अव्वानं केलं तर माझ्यावर येणार न्हाई.”

म्हणजे अजूनही त्याला कुणीतरी दुसऱ्यानेच ते तांदूळ विस्कटायला हवे होते. मी त्याला चहा विचारला नाही. पण वकील आहे, निरोप पोचवणं माझं काम. त्याच्यासमोरच मी देगलूरला फोन लावला आणि आवाज मोठा करून मधे ठेवला. सगळं सांगितलं. विरोधाचे कागद तयार आहेत, वहिनी, पोरगा साक्षीला तयार आहे, नाव परत मिळेल. पलीकडे कढईत उलथनं फिरत असल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

“समोर बसलाय का?” त्यांनी विचारलं.

“बसलाय.”

“त्याला म्हणावं, सवय हुईल. मला बी लग्नात रत्नम्माची मंजुश्री केली तवा पहिलं वरीस ओ द्यायचं सुधरायचं न्हाई. मग झाली सवय.”

“अव्वा,” रुद्रेश फोनकडे वाकून म्हणाला.

“मंजुश्रीला सांभाळ,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.